पाइप लांब केला की ऐकणारं भूत

साक्रीच्या पेंटरनं मंजुळा वहिनींना दोनदा विचारून खात्री करून घेतली होती. लोक गाडीच्या मागच्या फाळक्यावर आईवडिलांचा आशीर्वाद लिहून घेतात, पोरांची नावं लिहून घेतात, नजर लावणाऱ्याला शिवी लिहून घेतात. वहिनींच्या फाळक्यावर लिहायचं होतं: 'एक चाक उचलून गियर टाकू नका.'

"बाई, हे कोण वाचणार?" पेंटर म्हणाला.

"जो वाचनार नई त्याना पाय मोडी. तू लिख."

त्यानं लिहिलं. पिवळ्यावर काळी अक्षरं. ती गाडी आता नाही. पण तो फाळका वहिनींच्या दिरानं, कौतिकनं, गोठ्याला दार म्हणून लावला आहे. परवा गावी गेलो तेव्हा अक्षरं अजून वाचता येत होती. गोठ्यात आलेला कुणाचा तरी नातू मला विचारू लागला, हे काय लिहिलंय. मला तोंडी नीट सांगता आलं नाही. म्हणून हे कागदावर उतरवून ठेवतो.

आमचं गाव साक्रीच्या पश्चिमेला, डोंगराच्या अंगाला. त्या काळी, म्हणजे सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराला, गावापासून डांबरी रस्त्यापर्यंत मातीचाच रस्ता होता आणि मध्ये एक नाला. पावसाळ्यात त्या काळ्या मातीत माणसाची चप्पल रुतली तर चप्पल तिथेच ठेवून घरी यावं लागायचं. हिलालभाऊ माझा चुलत भाऊ. त्यानं लिलावातली लष्करी पिकअप घेतली होती. कांदा, मिरची, शेंगा, कोंबड्या आणि त्यांच्याबरोबर बाजाराला जाणाऱ्या बाया, असं सगळं भरून तो आठवड्याच्या बाजाराला साक्रीला न्यायचा. गावातल्या अभिमनची जीप नाल्यात फसायची, मग बैल लावून काढायची. हिलालभाऊची पिकअप कधी फसली नाही. एक चाक चिखलात असलं तरी ती घुरघुर करत वर यायची. का येते, हे कुणी विचारलं नव्हतं. चांगल्या बैलाला कुणी विचारतं का, तू का चांगला ओढतोस?

त्याची बायको, मंजुळा वहिनी, गाडीत मागे उभ्या असायच्या. टोपल्या चढवणं, उतरवणं, कुणाची कोंबडी कुणाच्या पिशवीत गेली याचा निवाडा, सगळं त्यांच्याकडे. अंगानं उंच, आवाज मोठा. वरच्या आळीत त्या बोलल्या की खालच्या पाराला कळायचं, आज कुणाची खरडपट्टी निघते आहे. मी धुळ्याला गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवर होतो, सणासुदीला गावी यायचो. माझ्यासारख्या कमी बोलणाऱ्या माणसाला त्यांच्यापुढे बसणं बरं वाटायचं. आपल्याला बोलावं लागत नसे.

त्या हिवाळ्यात गाडीचा मागचा ब्रेक घासत होता, म्हणून हिलालभाऊनं ती धुळ्याला एका गॅरेजात नेली. मिस्त्रीनं मागचं एक चाक जॅकवर उचललं, इंजिन चालू केलं आणि गियर टाकला. ड्रम कुठे घासतो ते बघायला सगळेच मिस्त्री असं करतात. उचललेलं चाक हवेत फिरतं, गाडी जागेवर राहते. ही गाडी राहिली नाही. जॅक आडवा पडला आणि ती पुढे झेपावली. पुढे भिंतीपाशी हिलालभाऊ विडी पेटवत उभा होता. भिंत आणि बंपर यांच्यामध्ये त्याचा उजवा पाय सापडला.

पाय राहिला, पण मांडीपासून वाकडा जुळला. काठीशिवाय चालता येईना. आणि त्याहून वाईट म्हणजे, गाडीचा आवाज आला की ओट्यावरच्या बाजेवर पडलेला माझा भाऊ भिंतीकडे तोंड करायचा.

त्या मिस्त्रीनं देवाशपथ सांगितलं होतं, की मी काही वेगळं केलं नाही, चाक हवेत होतं आणि गाडी आपली आपण चालली. ते वाक्य गावात आलं आणि गावानं ते पक्कं धरलं. हवेतल्या चाकावर गाडी चालते म्हणजे काय? मग लोकांना आठवू लागलं. ही गाडी वळताना कण्हते. साक्रीच्या चौकात वळताना मागून करकर आणि मग बाई कण्हल्यासारखा आवाज येतो, तो बायांनी ऐकला होता. लष्करातली गाडी, कोण जाणे हिच्यात कोण मेलं असेल. पुना आबा म्हणजे आमच्या गावचे भगत. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, चाकाजवळची माती हुंगली आणि मान हलवली.

"बाई शे हिन्हामा," ते म्हणाले. "अंगमा उनेल शे."

त्या दिवसापासून बाया गाडीत बसेनात. कांद्याच्या गोण्यासुद्धा लोक अभिमनच्या जीपमध्ये टाकू लागले. कौतिक धुळ्याच्या एका भंगारवाल्याशी बोलून आला. तेव्हा ओट्यावर सगळे जमले होते आणि मीही होतो. वहिनी आतून आल्या. हात पिठाचे होते.

"कानबाईना सनले बाईना अंगमा देवी येस ते तुम्ही पाया पडतस," त्या म्हणाल्या. "गाडीना अंगमा उनं ते भंगारमा द्या म्हणतस. हाई कोनता न्याय शे?"

कुणीतरी हसलं. पुना आबा हसले नाहीत.

"मंजुळा, चेष्टा नको करू."

"चेष्टा मी नई करी ऱ्हायनू, आबा. गाडी मन्ही शे. इकनार नई."

हिलालभाऊ बाजेवरून म्हणाला, "इकी टाक ना. काबर डोकं लावस?"

वहिनींनी त्याच्याकडे पाहिलं आणि उत्तर दिलं नाही. ते उत्तर गिळताना त्यांना किती त्रास झाला असेल, हे ज्यांना त्यांचं बोलणं माहीत आहे त्यांनाच कळेल.

नंतर त्या मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "रुपचंदभाऊ, तुमना दुकानमा रोज मिस्त्री येतस. एकाले तरी माहीत असी, हाई गाडी काबर चालनी."

मी चौकशी केली. बहुतेक जण हसले. मग एकानं मोतीलाल मिस्त्रीचं नाव सांगितलं. लष्कराच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेला माणूस, जुन्या जिनिंग मिलच्या मागे एका शेडमध्ये काम करायचा. तोंडानं फटकळ. अभिमननं उदार होऊन गाडी धुळ्यापर्यंत आणून दिली, आणि स्वतः मात्र शेडच्या बाहेर चहाच्या टपरीवर जाऊन बसला. उदारपणालाही हद्द असते.

मोतीलाल मिस्त्रीनं वहिनींच्या मागे पाहिलं, मग माझ्या मागे.

"मालक कुठे आहे?"

"मालक बाजवर शे. मालकीन उभी शे."

"मला मालकाशी बोलायचंय."

"मंग बाजपाशी जा. गाडी आठे ऱ्हाई."

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. मग तो पुटपुटत वाकला आणि कामाला लागला. त्यानं पुढच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावले. मागच्या जमिनीवरच्या चाकालाही लावले. गियर मोकळा केला, हॅन्डब्रेक सोडला, किल्ली काढून खिशात टाकली. मग मागचं एक चाक जॅकवर उचललं आणि हातानं फिरवू पाहिलं. चाक हललं नाही. त्यानं परत जोर लावला आणि हसायला लागला. जुना मित्र बाजारात अचानक भेटावा तसा हसला.

"अरे, ही आहे होय! कुठून आणलीत?"

"काय शे ती?" वहिनी म्हणाल्या.

मागच्या ॲक्सलच्या मधोमध जो लोखंडी गोल असतो, त्याला गाडीवाले गोळा म्हणतात. इंजिनाचा जोर तिथून दोन चाकांना वाटला जातो. मिस्त्रीनं त्या गोळ्यावर चापट मारली. "साध्या गाडीत एक चाक चिखलात गरगरायला लागलं की सगळा जोर तेच खातं. दुसरं चाक कोरड्या जमिनीवर असूनही उभं राहतं. हिच्या गोळ्यात प्लेटा आहेत, एकीवर एक दाबून बसवलेल्या. एक चाक सुटायला लागलं की त्या प्लेटा दुसऱ्यालाही ओढायला लावतात."

"म्हंजे एक बैल बसना तरी दुसरा ओढस."

"हां. दोन्ही एकमेकांना सोडत नाहीत."

वहिनींनी त्या गोळ्याला हात लावला. मग हळूच म्हणाल्या, "मंग एक चाक वर उचलेल व्हतं आनि गियर टाका..."

"कुणी टाकला?" मिस्त्रीचा आवाज बदलला. "वरचं चाक फिरलं की खालच्यालाही फिरवणार. गाडी जॅकवरून उडी मारणार. साधी गाडी मारत नाही, ही मारते. हिला हातच लावायचा नाही तसा. तपासायची तर इंजिन बंद, गियर मोकळा आणि अशी."

त्यानं उचललेल्या चाकाच्या नटवर पाना बसवला, पान्यावर पाइप चढवला आणि पाइपच्या टोकाला हुकाचा ताणकाटा अडकवला. कापसाचे व्यापारी खेडा-खरेदीत लटकवून वजन करतात तो काटा. मग काटा धरून ओढू लागला. काट्याची सुई वर वर गेली, त्यानं खडूनं केलेल्या खुणेच्या थोडी पलीकडे पोचली, तेव्हा कुठे चाक जड जड फिरलं.

"इथे सुई येण्याआधीच फिरलं असतं तर प्लेटा झिजल्या म्हणायच्या. अजून जीव आहे. पण फार नाही."

"भूत नई, मंग," वहिनी म्हणाल्या.

"भूत?" मिस्त्रीनं हात पुसले. "भुताच्या प्लेटा बदलाव्या लागत नाहीत, बाई. हिच्या लागतील."

वहिनी गाडीच्या पायरीवर बसल्या. पदर तोंडाला लावून बराच वेळ बसून राहिल्या. मला वाटलं रडतात. जवळ गेलो तर त्या पदराआडून त्या मिस्त्रीला, त्या गॅरेजला, पुना आबांना आणि आमच्या अख्ख्या गावाला शिव्या घालत होत्या, एकेकाचं नाव घेऊन, शांतपणे.

कण्हण्याचं कारणही निघालं. मोतीलालनं गोळ्याचा बूच काढला. तेल काळं, जळका वास. बोटावर चोळलं तर बारीक चमकदार पूड लागली. कुणीतरी साध्या गाडीचं तेल भरलं होतं. या प्लेटांना तेलात आणखी एक औषध लागतं, छोट्या डबीतून मिळतं. ते नसलं तर वळताना प्लेटा अडखळतात, सुटतात, अडखळतात. तीच ती कण्हणारी बाई.

"आणि टायर बघा," मिस्त्री म्हणाला. "एक साधा, एक रिमोल्ड, जुन्यावर नवं रबर चढवलेला. मोजा."

वहिनींनी पिशवीतून सुतळी काढली, दोन्ही मागच्या टायरना एकेक वेढा दिला आणि गाठी मारल्या. गाठींमध्ये चार बोटांचा फरक.

"एक बैल उच्चा, एक ठेंगना," वहिनी म्हणाल्या. "हिलालनं सवताच लावेल शे हाई."

"म्हणजे सरळ रस्त्यावरही प्लेटा घासत राहणार. मागे दोन्ही सारखे टायर घाला. हा मोठा रिमोल्ड स्टेपनीत टाका, अडीअडचणीला चालेल."

ते औषध धुळ्यात मिळेना. आमच्या दुकानातून मुंबईला मागवलं, ते यायला आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली. मधल्या काळात वहिनी गाडी शिकल्या. शिकवणारा कोण, तर हिलालभाऊ, पण गाडीत न बसता. नदीच्या कोरड्या पात्रात गाडी, काठावर काठी टेकून तो, आणि तिथून ओरडणं. क्लच! क्लच! आरे, तो ब्रेक शे! त्या वरून तितक्याच जोरानं उलट ओरडायच्या. आणि पुढे धुळ्याला जाऊन त्यांनी लायसनही काढलं. तिथला साहेब म्हणाला म्हणे, बाई, तुमच्याकडे ट्रॅक्टर असेल ना, जीप असेल ना, पिकअप कशाला? वहिनींनी सांगितलं, तुमना खुर्चीले चाकं लागतीन ते तीबी चालाडसू.

तेल बदललं तो दिवस मी पाहिला. मोतीलालनं सांगून ठेवलं होतं की नवं तेल भरलं की गाडी सावकाश इंग्रजी आठासारखी फिरवायची, डावीकडे वळवायची, उजवीकडे वळवायची, म्हणजे औषध प्लेटांच्या मध्ये जातं. वहिनींनी गावाबाहेरच्या मोकळ्या खळ्यावर तशी गाडी फिरवली. दुपारचं ऊन, धुळीचा लोट, आणि बाई एकटी त्याच जागेवर गोल गोल फिरते आहे. बांधावर लोक जमले. पहिल्या फेऱ्यांत गाडी कण्हली. मग कण्हणं कमी होत गेलं. मग थांबलं.

संध्याकाळपर्यंत गावात पसरलं की भूत उतरलं. आणि ते कुणी उतरवलं, तर पुना आबांनी. त्यांनी पहाटे खळ्यावर राख टाकली होती म्हणे, म्हणूनच ती तिथे रिंगण घालत होती.

आबा स्वतः ओट्यावर आले. चांगले बोलले, खोटं कशाला सांगू.

"मंजुळा, गाव आते बठी गाडीमा. मी सांगसू बठ्ठासले, उतरी गयं. तू फक्त एक नारय मन्हा हातमा दे. आनि पुढे एक लिंबू-मिरची बांधू दे."

कौतिकला ते पटलं. हिलालभाऊलाही पटलं. खरं सांगायचं तर मलाही पटलं. एक नारळ, एक लिंबू, आणि सगळं सुरळीत. अशा वेळी माझ्यासारखा माणूस नेहमी नारळ देऊन मोकळा होतो.

"देनार नई," वहिनी म्हणाल्या.

"आरे, काय जास तुन्हं?" हिलालभाऊ वैतागला. "एक नारय!"

"नारयनं काही नई जात." त्या कौतिककडे वळल्या. "कौतिकभाऊ, उद्या तुम्हीबी हाई गाडी चालाडशात. चाक खराब व्हयनं, जॅक लावशात. भूत ते गयं, म्हणीसन गियर टाकशात. मंग? तुमना पाय गया ते आबाले सांगू का, आखो एक नारय ल्या?"

कौतिकनं आपले पाय जवळ ओढून घेतले.

"तो पाय भूतनी नई मोडा," त्या हिलालभाऊकडे न बघता म्हणाल्या. "गियरनी मोडा. हाई बठ्ठा गावले समजाले पाहिजे. नई समजनं ते गाडीमा नका बसू कोनीच. रिकामी चालाडसू."

पुना आबा उठले. "मंग रिकामीच चालाड," म्हणाले. "दख, कोन बठस ते."

"आखाजीले पारवर या, आबा. तुमले दखाडसू तुमनं भूत."

आखाजी म्हणजे आमच्याकडे सासुरवाशिणींची दिवाळी. झाडांना झोके बांधलेले, लेकी माहेरी आलेल्या, पुरुषांना त्या दिवशी पत्ते कुटायला उघड परवानगी. अख्खं गाव पारापाशी. वहिनींनी गाडी आणून पाराजवळ उभी केली. शेजारी अभिमनची जीप. अभिमनला आधीच पटवलं होतं, कसं पटवलं ते माहीत नाही, पण तो सारखा मान खाली घालत होता.

दोन्ही गाड्यांची पुढची चाकं दगडांनी अडवली. दोन्ही गाड्यांचं मागचं एकेक चाक जॅकवर उचललं, बाकी चाकांना दगड. किल्ल्या वहिनींनी कमरेला खोचल्या. मग त्यांनी अभिमनच्या जीपचं उचललेलं चाक एका बोटानं ढकललं. ते गरगर फिरत राहिलं. झोक्यावरच्या पोरी हसल्या.

"हाई साधं," वहिनी म्हणाल्या. "आते आबा, हाई फिरावा."

पुना आबा पुढे आले. त्यांनी पिकअपच्या चाकाला दोन्ही हात लावले. ओढलं. चाक जागचं हललं नाही. गर्दीत कुजबुज झाली. आबा मागे वळून म्हणाले, "दखा. धरी ऱ्हायनं शे. आतमा शे कोनी."

मग गावचा पहिलवान झुलाल आला. लंगोट लावून आखाड्यात उतरावं तसे त्यानं तळवे एकमेकांवर घासले. पाय रोवून जोर केला तेव्हा चाक थोडं सरकलं आणि तो धापा टाकत बाजूला झाला.

"व्हयनं?" वहिनींनी पाना बसवला, त्यावर पाइप चढवला. तो नळाचा पाइप होता, आमच्याच विहिरीवरचा. त्यांनी पाइपचं टोक एका हातानं खाली दाबलं आणि चाक जड जड, पण मुकाट्यानं फिरलं.

"आबा, हाई कसं व्हयनं?"

आबा वाकून पाइपचं टोक पाहू लागले.

"पाइप लंबा कया ते आइकस, असं कोनतं भूत शे? मंतर नई, नारय नई. आतमा प्लेटा शेतस, त्या दोन्ही चाकं धरी ऱ्हायन्यात. या, ज्याले दखनं शे त्यानी हात लावा. बायासनी बी. ये ना वं, झोका काय, मंग बी शे."

लोक रांगेनं आले. काहींनी पाइप धरला, काहींनी नुसता बोट लावून पाया पडल्यासारखं केलं. यशोदाबाई म्हणजे गावातली सगळ्यात म्हातारी भाजीवाली. तिनं पाइप दाबून चाक फिरवलं आणि म्हणाली, "मन्ही सासूबी अशीच व्हती. लंबा दांडकाबिगर हालत नई व्हती."

माणसं पोट धरून हसली. वहिनींनी मला हाक मारली, रुपचंदभाऊ, तुम्ही सांगा, मिस्त्रीनं काय सांगितलं. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. मी काहीतरी दोन शब्द बोललो, ते मलाही ऐकू आले नाहीत. वहिनींनीच पुढे सांगितलं. हिलालभाऊ आला नव्हता. ओट्यावरून पार दिसतो. तो तिथून पाहत होता की भिंतीकडे तोंड करून होता, ते मला माहीत नाही.

पण हसणं वेगळं आणि गाडीत बसणं वेगळं. बाजाराच्या दिवशी सकाळी वहिनींनी गाडी पारापाशी लावली आणि एकदाच हॉर्न दिला. बाया टोपल्या घेऊन अभिमनच्या जीपकडे गेल्या. नजर चुकवून गेल्या, हे त्यांच्या बाजूनं सांगायला हवं. वहिनींनी दुसरा हॉर्न दिला नाही. मी त्या दिवशी धुळ्याला परतणार होतो म्हणून पुढे चढलो. माझ्यासारख्याचं बसणं त्यात धरू नये.

गाडी सुरू झाली आणि आमच्या घरापुढून वळली, तेव्हा रस्त्यात मध्येच काठी टेकून हिलालभाऊ उभा होता. डोक्याला फेटा, अंगात धुतलेला सदरा.

"काय शे?" वहिनींनी गाडी थांबवून विचारलं.

"माले साक्रीले जानं शे."

"काय काम शे?"

"काही नई."

त्यानं काठी आधी आत टाकली. मग दाराला धरून, वाकडा पाय हातानं उचलून, तो चढला. मी सरकून जागा केली. वहिनींनी त्याला हात दिला नाही. आणि तेवढ्यात मागून यशोदाबाईचा आवाज आला. "थांब वं मंजुळा! माले काय भूत खाई? मी त्याले खासू!" ती टोपलीसकट मागे चढली आणि साक्री येईपर्यंत वाटेतल्या प्रत्येकाला ओरडून सांगत होती की आपण भुताच्या गाडीत बसलो आहोत.

साक्रीच्या अलीकडे मागचं चाक बसलं. खिळा होता. हिलालभाऊ खाली उतरला, काठी गाडीला टेकवली आणि दगड शोधायला लागला. वहिनी म्हणाल्या, मी करस. तो म्हणाला, तू जॅक दे. पुढच्या चाकांना दगड, मागच्या जमिनीवरच्या चाकाला दगड, गियर मोकळा. प्रत्येक दगड त्यानं हातानं हलवून पाहिला. आम्ही दोघांनी चाक बदललं, तो मोठा रिमोल्ड बसवला. वहिनी त्या टायरकडे बघून म्हणाल्या, "उच्चा बैल. साक्रीपावत चाली, मंग पंक्चर काढीसन लगेच बदलसूत."

गाडी अजून जॅकवरच होती, तेवढ्यात एक जीप थांबली. ड्रायव्हर भला माणूस होता, मदतीलाच उतरला. त्यानं उचललेलं चाक हातानं फिरवून पाहिलं. चाक फिरेना.

"भाऊ, ब्रेक चिकटेल शे तुमना," तो म्हणाला. "थांबा, गियर टाकी देस. सुटी जाई." आणि कुणी काही म्हणायच्या आत तो दार उघडून आत वाकला, हात किल्लीकडे.

हिलालभाऊ त्या पायानं इतक्या लवकर कसा पोचला, मला कळलं नाही. त्यानं त्या माणसाचा हात धरून बाहेर ओढला आणि किल्ली काढून घेतली.

"हात काढ!"

तो ओरडला ते मागे बसलेली यशोदाबाईसुद्धा दचकली. तो ड्रायव्हर बावरला. म्हणाला, "आरे भाऊ, बठ्ठा असंच करतस ना."

"हाऊ, बठ्ठा करतस," हिलालभाऊ म्हणाला. त्यानं धोतर वर करून वाकडी मांडी दाखवली. "आते हाई दख."

मग त्यानं रस्त्याच्या कडेला उभं राहून त्या अनोळखी माणसाला सगळं सांगितलं. प्लेटा, दोन चाकं, जॅक, भिंत, विडी. मोतीलाल मिस्त्रीनं सांगितलेलं सगळं, एकही शब्द न चुकवता. म्हणजे वहिनी घरी येऊन जे सांगत होत्या ते तो भिंतीकडे तोंड करून ऐकत होता. वहिनी बंपरवर बसून तंबाखू मळत होत्या.

पुढच्या बाजाराला गाडीत यशोदाबाईच्या दोन सुना होत्या. त्याच्या पुढच्या बाजाराला आणखी काही बाया. पावसाळा लागला आणि नाल्यात अभिमनची जीप फसली तेव्हा उरलेल्या सगळ्या आल्या, बैल यायची वाट न बघता. पुना आबासुद्धा आले. त्यांनी पुढे बसताना खिशातून लिंबू काढलं.

"आबा, ते सरबतले ऱ्हाऊ द्या," वहिनी म्हणाल्या.

आबांनी ते परत खिशात टाकलं. "गाडी नीट चालाड," म्हणाले. "पाय मन्हा बी शेतस."

पण फाळका त्याआधीच रंगवला होता. ज्या दिवशी ती जीप थांबली, त्याच दिवशी. साक्रीत पंक्चर निघेपर्यंत वहिनी पेंटरकडे गेल्या. आईचा आशीर्वाद लिहायचा की पोरांची नावं, असं त्यानं विचारलं. वहिनींनी मागे वळून पाहिलं. हिलालभाऊ काठी टेकत मागून येत होता, किल्ली अजून त्याच्या मुठीत होती.

"सांग त्याले," वहिनी म्हणाल्या, "काय लिखनं शे ते."

हिलालभाऊनं सांगितलं. त्या फाळक्यावरचं वाक्य त्याचं आहे.